पाचव्या 'का'चं उत्तर

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा आमची बस मोशीच्या पुढे नाशिक रोडवर अडकलेली होती. पुढे कंटेनरची रांग, मागे बाकीच्या कंपन्यांच्या बस. चाकणला रोज जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. कोणी केस विंचरून घेतं, कोणी राहिलेली झोप पुरी करतं, माझ्या शेजारची तर मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत बसते. मी मुलीच्या शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज वाचत होते.

"मॅडम, कुठपर्यंत आलात?"

"चिंबळी फाट्याच्या अलीकडे आहे सर. ट्रॅफिक आहे."

"आल्या आल्या केबिनमध्ये या. कस्टमरची लाइन थांबलीय. आपला ब्रॅकेट बसत नाहीये."

फोन ठेवला. कुठला ब्रॅकेट आणि तो का बसत नसेल, हे साहेबांनी सांगायची गरजच नव्हती.

मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. गाड्यांसाठी पत्र्याचे लहानमोठे भाग बनवणाऱ्या कंपनीत आम्ही काम करतो आणि ते भाग पुढे मोठ्या कंपनीत जातात. परभणीकडून लग्न होऊन भोसरीत आले तेव्हा माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं. पहिली सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर मशीन चालवली, मग परमनंट झाले, मग हातात माप घ्यायची साधनं आली. आता दर दोन तासांनी प्रत्येक मशीनपाशी जायचं, चालू मालातले पाच नग उचलायचे, मोजायचे, आकडे तक्त्यात लिहायचे आणि खाली सही करायची, हे माझं काम.

त्या ब्रॅकेटच्या मशीनवर बोटाएवढी एक पोलादी पिन आहे. पत्र्याच्या तुकड्याचं भोक त्या पिनेवर बसवायचं आणि बटण दाबायचं, की दुसऱ्या टोकाला नट वेल्ड होतो. पिन झिजली की तुकडा जागच्या जागी हलतो आणि नट केसभर सरकतो. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. पण पुढे गाडीवर चढवताना बोल्ट आत जात नाही. ती पिन झिजली आहे हे मी पंधरा दिवस आधीच वहीत लिहिलं होतं. साचे-अवजारं दुरुस्त करणारी टूलरूम म्हणाली, नवी बाहेरून करून आणावी लागेल. प्रॉडक्शन म्हणालं, महिनाअखेर आहे, मशीन थांबवता येणार नाही, तोवर चालवा. आणि मशीन चालत राहिली.

ती मशीन चालवायची माझी मैत्रीण. चाकणच्या पलीकडच्या एका गावातली, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या घरातली सून. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. नऊ वर्षं आमचा डबा एकत्र होता. मला ताई म्हणायची. ती अजून कॉन्ट्रॅक्टवरच होती. दर काही महिन्यांनी ठेकेदार कागदावर तिला काढायचा आणि पुन्हा घ्यायचा, आणि ती ते विशेष मनावर घ्यायची नाही.

केबिनमध्ये साहेब उभेच होते. वाईट माणूस नाही. बीपीच्या गोळ्या टेबलावरच ठेवलेल्या असतात, फोन आला की एक हात कपाळावर जातो. म्हणाले, "तिघींना घेऊन निघा. तिकडे पडलेला सगळा माल एकेक करून तपासायचा. लाइन पुन्हा थांबली तर माझी काही खैर नाही."

मी तिघींची नावं सांगितली. त्यात पहिलं तिचं घेतलं, कारण तिचा हात सगळ्यांत चपळ.

मोठ्या कंपनीच्या मागच्या अंगाला, माल उतरवतात तिथे, एका शेडमध्ये आम्हाला जागा दिली. क्रेटवर क्रेट रचलेले. प्रत्येक नटात एक गोल तपासणीचा दांडा घालून बघायचा, तो सरळ गेला तर पिवळा ठिपका देऊन हिरव्या क्रेटमध्ये टाकायचा, अडला तर लाल क्रेटमध्ये. बसायला काही नव्हतं. दर तासाला त्यांचा एक तरुण इंजिनिअर यायचा, हात मागे बांधून उभा राहायचा आणि म्हणायचा, "कितना हुआ?" आम्ही आकडा सांगायचो. तो मान हलवायचा, जणू तो आकडा कितीही सांगितला तरी कमीच.

लाल क्रेट भरत होता. मी प्रत्येक क्रेटवरचं लेबल वाचत होते, कुठल्या दिवसाचा माल, कुठल्या शिफ्टचा. दुपारपर्यंत लक्षात आलं की खराब नग बहुतेक एकाच दिवसाचे आहेत, इथे पोचलेल्या मालातल्या शेवटच्या दिवसाचे. ती तारीख वाचली आणि मी क्रेट फिरवून लेबल भिंतीकडे केलं. का ते पुढे सांगते.

मंगळवार मात्र, खरं सांगायचं तर, त्या आठवड्यातला सगळ्यांत बरा दिवस होता. हाताला लय सापडली होती, पाय बधिर झाले होते म्हणून दुखत नव्हते. दुपारी शेडच्या सावलीत डबे उघडले. तिने बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेवग्याच्या शेंगांचं कालवण आणलं होतं. मी शेंग चोखत होते आणि ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "ताई, काल सांजच्याला नवऱ्यानं पानी मागितलं, तर मी तांब्याच्या तोंडात बोट घालून बघाया लागले, सरळ जातंय का आडतंय."

आम्ही चौघी इतक्या हसलो की सिक्युरिटीवाला डोकावून गेला. एकीला ठसका लागला, तिच्या पाठीवर थापट्या मारताना हसू आणखीच वाढलं. त्या दिवशी संध्याकाळी मुलीने सांगितलं की शाळेच्या खो-खोच्या संघात तिची निवड झाली. मी दारातच तिला जवळ घेतलं. माझ्या अंगाला तेलाचा आणि पत्र्याचा वास येत होता, ती "आई, ई!" म्हणून लांब झाली, पण हसत होती. मला वाटलं, निभावेल हा आठवडा.

बुधवारी सकाळी साहेबांनी मला एकटीलाच परत बोलावलं. बाकीच्या तिघी तिकडेच तपासत राहिल्या.

कस्टमरला एक रिपोर्ट द्यायचा असतो. चूक का झाली ते पाच वेळा विचारायचं. पहिल्या 'का'चं जे उत्तर येईल, त्यालाच पुन्हा 'का' विचारायचं, असं करत पाचव्या उत्तराला चुकीचं मूळ सापडतं अशी समजूत आहे. आमच्याकडे त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. मी तो खूपदा केलाय. बसले आणि खरं तेच लिहिलं. नट सरकला, कारण तुकडा हलला. तुकडा हलला, कारण पिन झिजली होती. पिन बदलली नाही, कारण मशीन थांबवली नाही.

साहेबांनी तो स्क्रीनवर वाचला आणि खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम, हे पाठवलं तर उद्या त्यांची सगळी टीम इथे येऊन बसेल. आपल्याला माहीत असून मशीन चालवली, असा याचा अर्थ होतो."

"सर, तसंच झालंय. मी वहीत लिहिलं होतं."

"वहीत लिहिलं होतं ना? मग हे बघा." त्यांनी माझे त्या दिवसाचे मापांचे तक्ते पुढे सरकवले. "सकाळी दहा, ओके. बारा, ओके. दोन, ओके. सही तुमची. पिन झिजली होती तर मापात यायला हवं होतं. म्हणजे एकतर पिन ठीक होती, नाहीतर ही मापं खोटी. काय लिहायचं सांगा."

मी तक्त्याकडे बघत राहिले. ती तीच तारीख होती, शेडमध्ये मी भिंतीकडे फिरवून ठेवलेल्या क्रेटवरची.

त्या दिवशी साडेअकराला शाळेतून फोन आला होता. मुलीला ताप भरला होता, शाळेत चक्कर येऊन पडली होती. नवरा भोसरीत वर्कशॉपमध्ये, मशीनवर असला की फोन उचलत नाही. मी पार्किंगच्या कोपऱ्यात उभी राहून तासभर याला-त्याला फोन करत होते, शेजारणीला शाळेत पाठवलं, डॉक्टरशी बोलले. तोवर बाराची वेळ टळून गेली होती. राहिलेल्या मशीन उरकेपर्यंत दोनही वाजले, मग बाराचा आणि दोनचा रकाना मी एकदमच भरला. दहाचे आकडे बघून, शेवटचा अंक इकडेतिकडे करून. असं मी त्याआधी कधी केलं नव्हतं असं म्हणायला मला आवडेल. पण दोन-तीनदा केलं होतं. एका इन्स्पेक्टरकडे अकरा मशीन असतात.

साहेबांना हे ठाऊक होतं का, मला आजही सांगता येणार नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करत होते.

"ऑपरेटरने तुकडा नीट दाबून बसवला नाही, असं लिहा. मधूनमधून होतं तसं. पाच नगांत सापडत नाही, म्हणजे तुमची मापंही खरी राहतात."

"सर, तिची नोकरी..."

"कोणी काढत नाहीये. दुसऱ्या मशीनवर टाकू. कागद आहे हा मॅडम, कागदासारखा घ्या."

मी टाइप करायला लागले. रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि इंग्रजीत लिहिताना गोष्टी जरा लांबच्या वाटतात. नट का सरकला, तुकडा हलला. तुकडा का हलला, पिनेवर पूर्ण बसला नव्हता. का बसला नाही, ऑपरेटरने दाबला नाही. का दाबला नाही, सूचना पाळल्या नाहीत. का पाळल्या नाहीत, ऑपरेटरला जाणीव कमी. हे पाचवं उत्तर. त्याच्यापुढे तिचा टोकन नंबर. नऊ वर्षं तिच्या छातीवर लटकलेला तो नंबर मला तोंडपाठ होता, कुठे बघावं लागलं नाही.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने घास तसाच हातात धरला.

"नाव नाही ना टाकलंस?"

"नंबर."

"नंबर म्हणजे नावच की." थोड्या वेळाने तो म्हणाला, "सगळीकडे असंच चालतं. आमच्याकडे तर सरळ हेल्परवर ढकलतात." मग तो खाली बघून जेवायला लागला. मुलगी खो-खोच्या सरावाबद्दल सांगत होती, मी हं हं करत होते. तिच्या लक्षात आलं आणि ती बोलायची थांबली.

गुरुवारी माल तपासून संपला आणि तिघी परत आपल्या कंपनीत आल्या. तिचे डोळे सुजलेले, पायाला वेलबुट्टीसारखे बुटांचे वळ उठलेले. पण खूश होती. सगळ्यांत जास्त नग तिने तपासले होते, त्या इंजिनिअरने जाताना तिला "बहुत अच्छा" म्हटलं होतं. ते तिने मला दोनदा सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांनी एक कागद दिला. ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिलं, तिने आपली चूक समजून घेतली, असा इंग्रजी मजकूर. खाली दोन सह्यांची जागा, एक शिकणाऱ्याची, एक शिकवणाऱ्याची. म्हणाले, "रिपोर्टला जोडायचा आहे. तिची सही घ्या, तुमची करा."

मी म्हणायला हवं होतं की तुम्ही घ्या. म्हटलं नाही. कागद घेऊन मशीनपाशी गेले. तिने हातमोजा काढला, हात साडीवर घातलेल्या ॲप्रनला पुसला.

"कशाचा हाय ताई?"

"ट्रेनिंगचा. सगळ्यांचे घेतायत."

"व्हय?" तिने पेन घेतलं. तिला मराठी नीट लिहिता-वाचता येतं, सातवी झालेली आहे. इंग्रजी येत नाही. तिने मशीनच्या पत्र्यावर कागद ठेवला आणि स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं सावकाश, एकेका काना-मात्रेसह लिहिलं. "ऱ्हस्व का दीर्घ काडू ओ इथं?" असंही विचारलं. मी सांगितलं. तिने दीर्घ वेलांटी काढली, कागद माझ्याकडे दिला आणि पुन्हा हातमोजा चढवला.

त्या दिवशी डबा खायला मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. ती तपासणीच्या खोलीच्या दाराशी आली, ताटलीत अळूची भाजी होती. "डोकं दुखतंय तर उपाशी ऱ्हाऊ नका," म्हणाली आणि टेबलावर ठेवून गेली.

शुक्रवारी दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटली. मी गेटकडे निघाले होते तेव्हा ठेकेदाराचा माणूस गेटजवळच्या केबिनशी तिच्याशी बोलताना दिसला. तिच्या गळ्यात पास नव्हता. तो त्याच्या हातात होता. बसला वेळ होता. मी तिच्याकडे जाऊ शकले असते किंवा सरळ बसमध्ये चढू शकले असते. मी झाडाखाली चप्पल नीट करत असल्यासारखी वाकून राहिले.

तिने मला बघितलं आणि जवळजवळ पळतच आली.

"ताई, हे बगा काय म्हनत्यात. सोमवारपास्नं येऊ नको म्हनत्यात. मी काय केलंय? मशीनची पिन झिजलीवती, तुमी वहीत लिवलंवतं ना? तुमी सांगा की यांना."

"मी बघते. साहेबांशी बोलते."

"आत्ता बोला ना. आत्ता हायती सायेब. मी थांबते."

मी पुन्हा चपलेकडे वाकले. ठेकेदाराचा माणूस सावकाश चालत आमच्यापाशी आला. त्याला घरी जायची घाई होती, दुसरं काही नाही. त्याने घडी घातलेला कागद उघडून तिच्यासमोर धरला. "मावशी, कशाला वाद घालता? तुमचीच सही आहे ना ही? चूक कबूल केलीय तुम्ही. कस्टमरला लिहून दिलंय, ऑपरेटर काढला म्हणून. मी काय करणार?"

तिने कागद घेतला. इंग्रजी ओळींवरून तिची नजर तशीच घसरत खाली गेली. आपल्या सहीवर थांबली. मग शेजारच्या सहीवर. माझी सही इंग्रजीत आहे, पण नऊ वर्षं तिने ती रोज मशीनवरच्या तक्त्यावर बघितलेली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागद घडी करून त्या माणसाला परत दिला.

"मॅडम," ती मला म्हणाली, "माजा डब्बा तुमच्या टेबलावर ऱ्हायलाय. ताटली. कुनाच्या तरी हाती धाडा."

आणि गेटबाहेर गेली. बसमध्ये मी खिडकीशी बसले. शेजारची विचारत होती काय झालं, मी सांगितलं काही नाही.

शनिवारी सकाळी टूलरूमचा माणूस नवी पिन घेऊन आला. दोन स्क्रू काढले, जुनी बाहेर, नवी आत, दोन स्क्रू घट्ट. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. त्या जागी एक नवी मुलगी उभी होती, विदर्भातून आलेली, घाबरलेली. मी तिच्यासमोर पाच नग मोजले. पाचही बरोबर. पुढचे पाच घेतले. तेही बरोबर. मी मोजतच राहिले, तिला वाटलं तिचंच काही चुकतंय.

अकराला कस्टमरचा मेल आला. रिपोर्ट मंजूर, तक्रार बंद. साहेबांनी डिपार्टमेंटसाठी समोसे मागवले. म्हणाले, "मॅडमनी आठवडाभर खिंड लढवली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समोसा माझ्या हातात आला आणि मी तो खाल्ला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, भूक लागली होती. त्या समोशाची चव अजून तोंडात आहे, चांगला होता.

रविवारी घासलेली ताटली पिशवीत घातली आणि स्कूटीवरून तिच्या गावी गेले. नवरा म्हणाला, येतो बरोबर. मी नको म्हटलं.

तिचं घर मी आधी एकदाच बघितलं होतं, तिच्या दिराच्या लग्नात. खाली हे राहतात, वरच्या मजल्यावर पत्र्याच्या चार खोल्या, त्यात कंपन्यांमधले परराज्यातले कामगार. दारात तिची सासू गाईला वैरण घालत होती. "या," म्हणाली, "कंपनीतल्या का?" मी हो म्हटलं. ती आत ओरडून म्हणाली, "अगं, तुज्या ताई आल्यात बग." घरी तिने अजून काही सांगितलं नव्हतं.

ती मागच्या बाजूला धुणं धूत होती. मी आलेली बघून उठली, हात झटकले, ताटली घेतली, चहा टाकला. ओसरीवर आम्ही दोघी बसलो. बाकी कोणी नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. पिनेचं, रिपोर्टचं, आणि त्या दिवशी बारा आणि दोनची मापं मी घेतलीच नव्हती, ते.

ती चहाच्या कपाकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हाईत हाय की मला."

"काय माहीत आहे?"

"तुमी मापं घ्याया आला न्हवता त्या दिसाला. बारा वाजून गेले, दोन वाजून गेले. सुपरवायझर इचारत आलावता, मॅडम येऊन गेल्या का म्हून. मी म्हनलं, आत्ताच गेल्या. पोरगी आजारी हाय तर उगं कशाला कुनाला सांगा."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"पैशाचं काय न्हाई," ती म्हणाली. "वरच्या खोल्या हायती. नवऱ्याची गाडी हाय. पन सकाळी डबा घिऊन, पास घालून निघायचे ना, रस्त्यानं बायका बघायच्या. ही कंपनीत जाती म्हून. आता पुन्ना शेन आन् धुनं. सासूला काय सांगू, चोरी केली का म्हनंल."

"उद्या मी साहेबांना सगळं सांगते. मापं मी घेतली नव्हती म्हणून सांगते."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "सांगाल?"

"सांगते."

"बगा," ती म्हणाली. विश्वास ठेवल्यासारखंही नाही आणि न ठेवल्यासारखंही नाही. आतून सासूने विचारलं, पाव्हण्या जेवून जातील का. ती म्हणाली, "न्हाई, त्यांना घाई हाय."

सोमवारी मी खरंच गेले. बसमधून उतरले ती सरळ केबिनमध्ये. साहेब फोनवर होते, हाताने बसा म्हणाले. मी उभीच राहिले. फोन संपल्यावर मी एका दमात बोलले. मापं घेतली नव्हती, आकडे मनाने भरले होते, पिन झिजलेलीच होती, तिची चूक काडीची नव्हती, त्या कागदावरची तिची सही मी न सांगता घेतली.

साहेब उठले आणि दार लावून घेतलं. परत येऊन बसले. एक गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. मला वाटलं, आता माझा पास मागतील. आणि खरं सांगते, त्या दोन मिनिटांत मला मुलीची शाळा, घरभाडं, परमनंट होण्याआधीची ती सहा वर्षं, सगळं दिसलं, आणि मला वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

"मॅडम," ते म्हणाले, "तक्रार बंद झालीय. आता ती उघडली तर तुम्ही जाल, मी जाईन, आणि त्या बाईला तरीही परत घेणार नाहीत, कारण कस्टमरला आपण लिहून दिलंय. तुम्ही हे मला सांगितलं नाही. मी ऐकलं नाही. जा, कामाला लागा."

मी "हो सर" म्हणाले.

बाहेर आले तेव्हा माझ्या अंगातलं सगळं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. हलकं वाटत होतं. वाचले, असं वाटत होतं. पॅसेजमध्ये चार पावलं टाकल्यावर ते माझं मलाच कळलं आणि मी भिंतीला हात लावून उभी राहिले. आपण सांगायला गेलो होतो ते तिच्यासाठी नाही, साहेबांकडून 'नाही' ऐकून घ्यायलाच गेलो होतो, हे तिथे उभी असताना मला कळलं. त्या दिवसापासून मी स्वतःला चांगली बाई समजत नाही. हे दुःखाने म्हणत नाही, नुसतं सांगते. एखाद्याला आपली उंची कळावी तसं ते कळलं.

तिला फोन केला. म्हटलं, बोलले, पण नाही म्हणाले. ती म्हणाली, "बरं." पलीकडे गाईला कोणी हाकलत होतं. मग तिनेच ठेवते म्हटलं.

याला आता दीड वर्ष झालं. साहेबांची बदली झाली. माझ्याकडे आता अकराच्या जागी चौदा मशीन आहेत. मी प्रत्येक नग खरोखर मोजते, जेवण सोडून मोजते, आणि त्यामुळे कोणाचं काही भलं झाल्याचं मला दिसलेलं नाही. मध्यंतरी ऐकलं की ती तळेगाव रस्त्यावरच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायला जाते. सासूला कंपनीत जाते एवढंच सांगितलंय म्हणे.

गेल्या महिन्यात आमची बस बंद पडली म्हणून मी चाकणच्या चौकातून शेअर रिक्षाने निघाले होते. वाकून आत बघितलं तर मागच्या सीटवर ती बसलेली होती, मांडीवर डबा. मी मागे व्हायच्या आत तिने पाय आवरून घेतले आणि सरकून जागा केली. मधे जागा सोडून मी कडेला बसले. आमच्या मधे आणखी एक बाई आली. रिक्षा खड्ड्यांतून जात होती, तिघींचे खांदे एकमेकींना लागत होते. मी विचारलं, "बरी आहेस?" तिने "हाय" म्हटलं. तिचा स्टॉप आला तशी ती उतरली, रिक्षावाल्याला सुटे पैसे दिले, आणि कडेने जाणाऱ्या ट्रकची धूळ लागू नये म्हणून पदर नाकाला लावून चालायला लागली.